दोन बारा नंबर

राहात्यातल्या पेरूवाल्यांच्या गटासाठी निकिता आणि हर्षल हे नवरा-बायको वेबसाइट बनवत होते. लेखाखाली सभासदांना कॉमेंट लिहिता यायला हवी होती, आणि नोंदणी न केलेल्या पाहुण्यांनाही.

"डेटाबेसमध्ये दोन टेबलं करू," हर्षल म्हणाला. "सभासदांच्या कॉमेंट एकीकडे, पाहुण्यांच्या दुसरीकडे."

"गप्पा एकाच ओट्यावरच्या, मग टेबलं दोन कशाला?" निकिता म्हणाली. "एकच ठेव. सभासद असेल तर त्याचा क्रमांक लिहायचा. नसेल तर तो रकाना मोकळा, शेजारी पाहुण्याचं नाव आणि मोबाईल."

"निम्मे रकाने मोकळेच राहतील."

शेवटी हर्षलच्या मनासारखं झालं.

साइट सुरू झाली आणि पाथर्डीकडच्या भागूबाईंनी पाहुणी म्हणून लिहिलं, "दारात पेरूची चार झाडं हायेत. फळात लई अळी पडती. काय करू?" गटातल्या रंगनाथरावांनी लगेच उत्तर दिलं, "अळीचीच फळं ती. ठेवू नका, खोल खड्ड्यात पुरून टाका."

तासाभरात दुसरे एक सभासद, श्रीमंतराव, यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"माझ्या पेरूला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं म्हणून लिवलं, अन् हा रंगनाथ म्हणतो पुरून टाका?"

निकिताने डेटाबेस उघडला. भागूबाईंची कॉमेंट पाहुण्यांच्या टेबलात बारा नंबरची. श्रीमंतरावांची सभासदांच्या टेबलात बारा नंबरची. रंगनाथरावांच्या उत्तरात नुसता 'बारा' नोंदलेला, टेबल कोणतं ते नाही; म्हणून ते भलत्याच बाराला चिकटलं होतं.

हर्षलला हसू आवरेना. "कर तुझं एक टेबल," तो म्हणाला, आणि स्वतःच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. दोघांनी मिळून सगळ्या कॉमेंट एकत्र आणल्या, नवे नंबर दिले, उत्तरं जागेवर लावली. खरा प्रकार कळल्यावर श्रीमंतरावही खो-खो हसले. "फळमाशीचे सापळे बांधा, बाई," असं त्यांनी भागूबाईंना आपणहून लिहिलं.

पुढच्या आठवड्यात भागूबाईंनी नोंदणी केली. त्यांचा मोबाईल नंबर पाहुणी म्हणून दिलेल्या नंबराशी जुळत होता, तरी निकिताने फोन लावला.

"मावशी, अळीचं तुम्हीच विचारलं होतं ना?"

"व्हय, मीच. का गं, चुकलं का काही?"

"नाही हो. ते आता तुमच्या नावावर लावते."

"लाव की," भागूबाई म्हणाल्या. "अन् सापळे बांधलेत, त्याचा फोटो कसा टाकायचा ते सांग."

निकिताने फोन स्पीकरवर टाकला. हर्षल चहाचा कप बाजूला ठेवून सावकाश समजावू लागला.