चाचणीपुरतं गाणं

मुलीने पाठवलेले स्पीकर बसवायला कारागीर आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्याचं त्या दिवसातलं हे पाचवं घर. त्याने भिंतीला भोकं पाडली, वायरी पट्टीखाली दडवल्या आणि घाम पुसत विचारलं, "काकू, चाचणीला कोणतं गाणं लावू?"

काकूंना काही सुचेना. काकांनी सव्वीस वर्षं कापड गिरणीत रात्रपाळी केली. दिवसभर ते झोपायचे आणि घर चवड्यांवर चालायचं. भांडी फडक्यावर उपडी घालायची, मुलीने धडे मनातल्या मनात वाचायचे. गाण्याचं नावच नव्हतं.

"तुम्हीच लावा काहीतरी."

"माझं एक ठरलेलं आहे. पण सकाळपासून चारदा ऐकून कान किटलेत."

त्याने दुसरंच, व्हायोलिन लावलं. खोली सुरांनी भरली तशा काकू "हळू, हळू," म्हणत उठल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, काका निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि ते समोरच खुर्चीत टक्क जागे बसलेत.

"सुरू झालं का?" काकांनी विचारलं.

कारागिराने काकूंकडे पाहिलं.

"यंत्रांनी कान नेले त्यांचे," त्या हलकेच म्हणाल्या. "उंच, बारीक आवाज पोचत नाहीत. मुलीला अजून सांगितलं नाही. हौसेने पाठवलंय तिने."

त्याला अजून एक घर गाठायचं होतं. तरी तो स्टुलावर टेकला आणि फोनमध्ये शोधत राहिला. बासरी लावली, काका ढिम्म. बायकांचं समूहगान लावलं, तेच. मग एका जाड्या आवाजाच्या गायकाचं संथ गाणं लागलं, आणि काकांनी मान वर केली.

"हा बरा गातो. मोठं कर जरा."

"शेजारी काय म्हणतील?" काकू म्हणाल्या.

"म्हणू देत. आपला आवाज कधी ऐकलाय त्यांनी?"

सही घेऊन कारागीर गेला. गाणं चालूच होतं, तेवढ्यात मुलीचा फोन आला. "कसं वाजतंय, आई?"

छान आहे म्हणून मोकळं व्हावं, असं काकूंना वाटलं. पण तेवढं खोटं रेटायचंही त्राण उरलं नव्हतं.

"तुझ्या बाबांना त्यातलं निम्मंच ऐकू येतं, बाळा. केव्हापासूनच."

मुलगी म्हणाली, "शनिवारी येते. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेऊ."

या वयात कशाला, हे काकूंच्या ओठांवर आलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या.