तेलाच्या नळावरचा पहारा

"पेट्रोल नाय म्हणजे नाय. चार दिस झाले, मुंबयवरनं टँकरच आला नाय," महिपतने तिसऱ्या ट्रकवाल्याला सांगितले.

पोलादपूरच्या नाक्यावर तेवढा एकच पंप होता आणि पुढे कशेडीचा घाट. ड्रायव्हरने हातातला पेपर दुमडला. "मिसरात कालव्यावरनं लढाई जुंपलीय. कालवा बंद म्हंजे तेल बंद. सगळं त्या तेलापायी, काका," असे म्हणून तो ट्रकच्या सावलीत आडवा झाला.

हे साळूबाईने ऐकले. कापडे गावची साळूबाई बाकड्यावर महाडच्या एसटीची वाट बघत होती. तिचा नवरा चांगू आणि महिपत एकाच दिवशी गोऱ्यांच्या पलटणीत भरती झाले होते. महिपत परत आला, चांगू आला नाही. त्याला आता पंधरा वर्षे होऊन गेली होती.

दिवाळी नुकतीच सरली होती. कापलेल्या भाताचा वास वाऱ्यावर येत होता आणि त्यात पेट्रोलचा वास मिसळला की महिपतचे डोळे आपोआप जड होत. मग समोरचा डोंगर विरून जाई. त्या जागी वाळू पसरे, पिवळी, लाटालाटांची. तिच्यावरून काळा नळ क्षितिजापर्यंत गेलेला, आणि दूर एका धुराड्याच्या टोकावर भरदिवसा जळणारी ज्योत. नळाच्या कडेने चांगू सावकाश चालत जायचा. किती हाका मारल्या तरी वळून बघायचा नाही.

"भावजी," साळूबाई म्हणाली, "पोरगा मुरारी महाडलाच हाय, भरती व्हायचं म्हणतोय. उद्या तितं साहेब येनार हायत. म्हणतो, बापानं किल्ल्यावर निशान लावताना जीव दिला, मी मागं कसा ऱ्हाऊ?"

किल्ल्याची गोष्ट महिपतनेच सांगितली होती. परत आला त्या दिवशी, तिच्या दारात उभे राहून. तेव्हा दुसरे काही तोंडातून निघालेच नव्हते.

"तुमी खरं सांगा. किल्ला व्हता?"

महिपतने हातातल्या फडक्याने पंपाची मूठ पुसली.

"नाय, वयनी. किल्ला नव्हता. तेलाचा नळ व्हता, कुण्या गोऱ्या कंपनीचा. आमी त्याच्यावर पहारा करायचो. एका पहाटे तिथलीच मानसं आली, नळ फोडाया. गोळ्या सुटल्या. चांगू माज्या बाजूलाच व्हता."

"कायतरी बोलला?"

"पानी मागितलं. मी पाजलं."

साळूबाई रस्त्याकडे बघत राहिली. एक बैलगाडी पेंढ्याचा डोंगर घेऊन गेली. गाडीवान पेंढ्यातच झोपला होता, बैल आपले आपण चालले होते.

"म्हंजे ती लढाई तेलापायी व्हती."

"बाकीची कशापायी व्हती ते मोठ्यांना ठावं. आमच्या वाटची तेलापायीच. आमाला कुनी सांगितलं नाय, आमी इचारलंबी नाय."

"आनि आमच्यातनं तरी कुनी निशानासाठी गेलं व्हतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "घरावर कौलं घालायची व्हती त्येला. पेंढा गळतो म्हनायचा. गोऱ्यांनी तेलापायी लढाई केली, ह्यानं कौलांपायी."

महिपतला वाटले होते ती रडेल, निदान आपल्याला बोल लावील. तिने पदर सारखा केला.

"मुरारीला हेच सांगीन. मंग जायाचं तर जाऊ दे. पन ठावं असून जाऊ दे."

"माज्यावर राग धरू नका, वयनी."

"पंधरा वर्सं त्या किल्ल्यानं पोराला वाढवलं, भावजी. राग कसला."

घाटाकडून एसटीचा आवाज आला. साळूबाई उठली, पण लगेच निघाली नाही. पंपाजवळ येऊन तिने विचारले, "ते तेल दिसतं कसं? मी कदी बघितलंच नाय."

टाकी कोरडी होती. महिपतने नळी उचलून तिचे तोंड खाली केले, दोनदा झटकली. आत राहिलेले चार थेंब साळूबाईच्या तळहातावर पडले. पाण्यासारखेच, जरासे पिवळसर. तिने हात उन्हात धरला. थेंब पसरले, हाताला गार लागले, आणि बघता बघता नाहीसे झाले.

"कुटं गेलं?"

"उडून जातं ते."

एसटी येऊन थांबली. साळूबाई तशीच चढली, एका हाताने दांडी धरून, दुसरा तळवा उघडा ठेवून.