हसत हसत गेला म्हणतात

सुरुंगाच्या स्फोटात गेलेल्या जवानाच्या घरी त्याचे मेजर स्वतः गेले. जवानाचे वडील शिंपी होते. शिलाई थांबवून त्यांनी विचारलं, "साहेब, सगळे म्हणतात, पोरगा हसत हसत गेला. खरं का?"

हो म्हणून सुटणं सोपं होतं.

"नाही, काका," मेजर म्हणाले. "बराच वेळ तळमळला. मी हात धरून बसलो होतो. त्या वाटेनं त्याला मीच पाठवलं होतं."

"वाटलंच मला. साधा काटा रुतला तरी घर डोक्यावर घ्यायचा तो." काकांनी हातातलं कापड बाजूला ठेवलं. "काही म्हणाला?"

"बाबा, बाबा म्हणून हाका मारत होता."

तेव्हा कुठे काकांना रडू फुटलं. अंधार पडेपर्यंत ते रडत होते, आणि मेजर त्यांच्याजवळून उठले नाहीत.