ओक्याबोक्या भिंतीचं दार

पुढच्या वर्षी येणाऱ्या ज्या व्हिडिओ गेमची लोक सगळ्यात जास्त वाट पाहताहेत त्यांची यादी सकाळी आली, आणि ती वाचताना धाकट्याने टूथब्रश तेवढा गिळायचा बाकी ठेवला.

पहिल्या नंबरवर नेहमीप्रमाणे कोळ्याच्या गेमचा तिसरा भाग होता. हा तिसरा भाग धाकटा शाळेत असल्यापासून ‘पुढच्या वर्षी’ येतोय. दुसऱ्या भागाच्या शेवटी कोळी होडीत उभा असतो, जाळ्यात काहीतरी अवजड अडकतं, कोळी म्हणतो, “अरे बाप रे,” आणि पडदा काळा होतो. त्यानंतर धाकट्याला मिसरूड फुटलं, नोकरी लागली, नोकरी सुटली, कानापाशी पांढरा केस आला. कोळ्याने अजून जाळं वर ओढलेलं नाही. दर वर्षी यादी आली की धाकटा त्याला नव्याने माफ करतो.

दुसऱ्या नंबरवर एक महायुद्ध होतं. ते बनवणाऱ्या कंपनीत पडद्यावरचं नुसतं गवत काढणाऱ्या चित्रकारांना वेगळी इमारत होती. तिसऱ्यावर मोटारींची शर्यत. आणि चौथ्या नंबरवर होता ‘राक्षस बाहेरगावी’.

‘राक्षस बाहेरगावी’ बनवणाऱ्या कंपनीत दोन माणसं होती. एक धाकटा आणि दुसरी त्याची ताई. गवतही ताईच काढायची.

गेम असा, की एक राक्षस काही कामासाठी परगावी गेलाय आणि घरावर लक्ष ठेवायला त्याने एक साधा, आपल्या उंचीचा माणूस नेमलाय. आपण तो माणूस. झाडाला पाणी घालायचं तर कंगव्याची शिडी करून कुंडीवर चढायचं. चहाची तल्लफ आली तर राक्षसाच्या कपात उडी मारून पोहत पोहत प्यायचा. एका उशीवरून दुसऱ्या उशीवर जाईपर्यंत दिवस कलतो. मारामारी अजिबात नाही. एक झुरळ आहे, घोड्याएवढं, पण स्वभावाने गरीब.

यादीत लिहिलं होतं, ‘या गेमच्या जाहिरातीत जिन्यामागच्या भिंतीला क्षणभर एक निळं दार दिसतं. राक्षसाच्या घरात माणसाच्या मापाचं दार कशाला? त्यामागे काय आहे? आम्ही पुढच्या वर्षाकडे डोळे लावून बसलोय ते या दारासाठी.’

कसलं दार, ते धाकट्याला आठवेना. तो तसाच, तोंडाला फेस असताना, निघाला.

कंपनीची खोली गाद्यांच्या दुकानाच्या वर होती. खालून कापूस उडायचा आणि खिडकीतून येऊन कीबोर्डात बसायचा, त्यामुळे वर्षभर दोघं मऊ बटणं दाबत होती. खुर्च्या दोन. त्यातली एक बसणाऱ्याला घेऊन हळूहळू खाली जायची. सकाळी टेबलाशी ताठ बसलेल्या माणसाची हनुवटी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाला टेकायची. आज त्या खुर्चीची पाळी ताईची होती. तिचे अजून खांदे दिसत होते.

“ताई, जिन्यामागे दार कोणी काढलं?”

“मी.”

“कशाला?”

“भिंत ओकीबोकी दिसत होती.”

“आणि दारामागे काय आहे?”

ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी त्याने ‘चंद्र दिवसा कुठे झोपतो’ असं विचारल्यावर बघायची, तसं.

“भिंत,” ती म्हणाली. “तोंड पूस.”

धाकट्याने यादी तिच्यापुढे धरली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्चीसकट जरा खाली गेली.

“काढून टाकूया,” ती म्हणाली. “एका मिनिटाचं काम आहे.”

“आता? अगं, जगभर लोक वाट बघताहेत त्या दाराची!”

“मग राहू दे. उघडायचं नाही. बंद दार. बऱ्याच घरांत असतं.”

“नाही.” धाकटा उठून उभा राहिला, कारण असं वाक्य त्याला बसून म्हणता आलं नसतं. “त्या कोळ्याने माझं जे केलं ते मी कोणाचं करणार नाही. दार दाखवलंय ना, मग ते उघडणार. आणि मागे असं काहीतरी असणार, की वाट बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, बरं झालं थांबलो.”

“काय असणार?”

धाकटा पुन्हा बसला.

त्या आठवड्यात त्याने काम केलंच नाही. तो दारमंडळ वाचत बसला. दारमंडळ म्हणजे त्या निळ्या दाराबद्दल बोलणाऱ्या लोकांचा इंटरनेटवरचा अड्डा. तो चालवायच्या भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका. मंडळात त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. गेम आलेला नाही म्हणून बाई रिकाम्या बसल्या नव्हत्या. जाहिरातीत दिसेल तेवढ्यावरून त्यांनी राक्षसाच्या घराचा नकाशा काढला होता, आणि तो धाकट्याजवळच्या नकाशापेक्षा बरोबर होता. धाकट्याच्या नकाशात स्वयंपाकघर दोनदा आलं होतं. एका सुताराने तस्सं निळं दार करून स्वतःच्या घराच्या भिंतीत बसवलं होतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची मोरी निघाली. पहिले दोन दिवस भांडण झालं, आता दोन्ही कुटुंबं एकत्र सहलीला जातात. एका मुलीने दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या रेघेवरून सिद्ध केलं होतं, की त्या दारामागे कायम दुपार कललेली असते. ताईचा हात चुकून पिवळ्या रंगावर पडला म्हणून ती रेघ पिवळी झाली होती.

“ताई, या लोकांनी आपल्यापेक्षा जास्त काम केलंय गं,” धाकटा म्हणाला. “आपण यांच्या लायकीचे नाही.”

“नाहीच,” टेबलाखालून ताई म्हणाली. “खुर्चीचं हँडल फिरव, मला वर घे.”

गेम विकणाऱ्या कंपनीतल्या गृहस्थांचा फोन आला. ते फार आनंदात होते. “चौथा नंबर! वा! आता एक करा, दारामागे निदान एक युद्ध तरी ठेवा.”

“राक्षसाच्या घरात?”

“छोटं ठेवा.”

“साहेब, आमच्याकडे शत्रू म्हणून एक झुरळ आहे, आणि ते सुद्धा आपल्याच बाजूचं आहे.”

“मग त्याला फितूर करा,” गृहस्थ म्हणाले. धाकट्याने ते तीन दिवस मनाला लावून घेतलं.

बहीणभावांनी दारामागे खजिना ठेवून पाहिला. तो कुठल्याही खजिन्यासारखा दिसत होता. मग आरसा ठेवला. ताई म्हणाली, “इतकी वाट बघून आरसा? लोक घरी येऊन मारतील, आणि मी दार उघडून देईन.” मग आणखी एक दार ठेवलं. त्यामागे आणखी एक. तिसऱ्या दारापाशी धाकट्याला कोळी दिसायला लागला, तेव्हा ताईने त्याच्यापुढचा संगणक बंद केला आणि त्याला घरी घालवलं.

तो घरी आला. दार ढकललं. आत बाबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत पेपर वाचत होते. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यापासून ते वर-खाली कुठे जात नाहीत. त्यांनी मान वर केली नाही. कोण आलं हे पाहिलंसुद्धा नाही. जन्मापासून धाकटा ऐकत आला होता ते, तसंच, म्हणाले,

“दार लाव. वारा येतो.”

धाकटा उंबऱ्यातच थांबला. उन्हाचा एक तिरका तुकडा बाबांच्या पायांवर पडला होता. किटलीवर झाकणी होती. शेजारी एक कप उपडा ठेवलेला होता, हातात मावेल एवढा.

“काय रे, ऐकू येत नाही का?”

“बाबा,” धाकटा म्हणाला, “तुम्हीच आहात तिथे.”

“मग कुठे जाऊ?” बाबा म्हणाले.

ताईला ते एका वाक्यात कळलं. सबंध गेमभर माणूस कंगवे चढणार, कपात पोहणार, उशा तुडवणार. कुठलीच वस्तू त्याच्या मापाची नाही. आणि त्या दारामागे एक खोली, जिच्यातली खुर्ची त्याच्या उंचीची, कप त्याच्या हाताचा, आणि एक माणूस असा, की ज्याला हा कोण हे वर न बघता माहितीये. तिने दोन दिवसांत खोली काढली. पेपरच्या कडेला बाबांचा अंगठा काढला, त्यावर लिफ्टच्या दारात सापडून काळं पडलेलं नख काढलं. धाकटा तिच्यामागे उभा राहून बघत होता. भिंत ओकीबोकी दिसते म्हणून जी दार काढते आणि जग थांबवते, तिच्यापुढे त्या गवताच्या इमारतीने पाणी भरावं, असं त्याला वाटलं. त्याने तसं सांगितलं.

“मागून श्वास टाकू नकोस,” ताई म्हणाली.

उरला आवाज. बाबा तयार झाले, पण नको तितके. इस्त्रीचा शर्ट घालून गाद्यांच्या दुकानावर आले. आवाज घ्यायच्या यंत्रापुढे बसले आणि म्हणाले, “आधी मला सांगा, हा माणूस राक्षसाचा कोण लागतो?”

“कोणी नाही, बाबा. तो नुसता बसलेला असतो.”

“भाडं देतो?”

“बाबा, तुम्ही फक्त म्हणा, ‘दार लाव. वारा येतो.’”

बाबांनी घसा साफ केला, छाती पुढे काढली आणि सभेला उद्देशून गर्जना केली, “दार! लाव! वारा येतो आहे!” खाली गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजायचा थांबला.

दुसऱ्या वेळी ते कळवळून म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांनी वाऱ्याला वाईट माणूस केलं. धाकटा कपाळाला हात लावून बसला. ताई मात्र शांतपणे उठली, बाबांच्या हातात पेपर दिला, “पाच मिनिटं दम खा,” म्हणाली आणि बाहेर गेली. यंत्र तिने चालूच ठेवलं होतं. बाबा खालावणाऱ्या खुर्चीत बसून वाचू लागले. थोड्या वेळाने ताई आत आली, दार सताड उघडं टाकून पाणी प्यायला गेली.

“दार लाव,” पेपरमागून आवाज आला. “वारा येतो.”

ताईने दार लावलं.

“हं,” बाबा म्हणाले. पान उलटलं. “चहा झाकून ठेवलाय.”

चहा कोणीच झाकून ठेवला नव्हता. बाबांच्या सवयीने तो ठेवला होता. धाकट्याने यंत्र बंद केलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसला. डोळ्यांत कापूस गेलाय, असं तो म्हणाला.

गेम बाजारात जायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी दारमंडळाच्या बाईंना बोलावलं. ही धाकट्याची कल्पना. बाईंना बरोबर वाटलं तर सगळं बरोबर. बाईंचं तोंड उतरलं तर आपणही कोळीच, असं त्याने मनाशी धरलं होतं. बाई आल्या. बारीक चणीच्या, पर्समध्ये पट्टी. ताईने त्यांना चांगली खुर्ची दिली. धाकटा खालावणाऱ्या खुर्चीत बसला आणि त्यांच्या बोटांकडे बघत खाली जाऊ लागला.

बाई थेट जिन्यामागे गेल्या. रस्ता त्यांना पाठ होता. दारासमोर त्यांनी माणसाला उभं केलं आणि हात मांडीवर ठेवले.

“उघडा ना,” धाकटा म्हणाला.

“थांब रे जरा. एवढी वाट पाहिली, उघडलं की ती संपली ना.”

मग त्यांनी दार उघडलं. कललेली दुपार. खुर्ची, किटली, कप. पेपरमागून आवाज आला, “दार लाव. वारा येतो.”

धाकटा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि तोंडावर हसू नव्हतं. भुवया जवळ आल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. माणूस दारापाशी जाऊन उभा राहिला, परत आला, पुन्हा गेला.

“अरे, हे दार लागत का नाही?”

दार उघडायचं कसं, यावर धाकट्याचं वर्ष गेलं होतं. ते लावायचं असतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. बाबांचं ‘हं’ आणि चहाचं वाक्य थोड्या वेळाने आपोआप वाजावं, एवढंच त्याने केलं होतं.

“ते सांगताहेत ना, दार लाव म्हणून,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क कापला. “घरात पाऊल टाकलं, समोरचा माणूस काही सांगतोय, आणि मी उभी आपली. त्यांना वारा लागेल.”

ताईने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याची हनुवटी टेबलाला टेकली होती, पण डोळे चमकत होते.

“बाई, गेम पुढच्या आठवड्यात यायचाय. हे नीट करायचं म्हणजे पुढे ढकलावा लागेल. लोक चिडतील,” धाकटा म्हणाला.

“दार लागलं पाहिजे,” बाई म्हणाल्या, आणि पट्टी काढून पडद्यावरचं दार मोजू लागल्या. “बिजागरी डावीकडे आहे. लिहून घे.”

गेम विकणाऱ्या गृहस्थांना फोनवर चक्कर आली. त्यांच्या मागे कोणीतरी वारा घालतंय, असं ऐकू येत होतं. संध्याकाळी धाकट्याने सगळ्यांसाठी जाहीर लिहिलं, ‘राक्षस बाहेरगावी थोडा उशिरा येईल. निळं दार आतून लागत नाहीये.’ एवढंच लिहून तो खाली मान घालून बसला. वाट बघणाऱ्यांना आणखी थांबायला सांगणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

पहिलं उत्तर सुताराचं आलं.

‘सावकाश होऊ दे. घाईने दार लावू नका, बोटं सापडतात.’

त्याखाली शेजाऱ्याने, ज्याची मोरी निघाली होती त्याने, अनुमोदन दिलं होतं.