दोन माणसांची जागा

डिझेल महागलं तशी धुलाईखान्याच्या मालकाने कामगारांची बस बंद केली, आणि तिथल्या बॉयलरवाल्याच्या खटारा गाडीला सोन्याचे दिवस आले. दवाखान्यांच्या चादरी धुणारा तो कारखाना गावाबाहेर होता. चालत गेलं तर अर्धी पाळी वाटेतच संपायची. बॉयलरवाला पेट्रोलची वर्गणी घेऊन तिघांना न्यायचा. पुढे फाटक्या चादरी शिवणारा शिंपी बसायचा, मागे दोघी जावा, थोरली आणि धाकटी. थोरली अंगाने अशी भरभक्कम की दोघींतच मागची सीट भरायची.

त्या दोघींचं कधीच पटलं नव्हतं. पण घर दोघींच्या कमाईवर चालत होतं. त्यांच्या नवऱ्यांचा मालाचा टेम्पो डिझेल परवडेना म्हणून दारात उभा होता, आणि दोघे भाऊ त्याच्याकडे बघत दिवस काढत होते. घरखर्चाला दोघी सारखेच पैसे सासूच्या हातावर ठेवायच्या, उरेल ते जिचं तिचं.

आणि थोरली काही बिचारी वगैरे नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सिलिंडर महाग झाला तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून तिनेच फर्मान काढलं होतं, "जो जास्त जाळेल, तो जास्त देईल." धाकटीचं मूल लहान. त्याचं दूध दिवसातून चारदा गरम व्हायचं, आंघोळीचं पाणी वेगळं. धाकटीने ओठ आवळून जादा पैसे दिले. सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. थोरलीला तेव्हा आपण फार न्यायाने वागलो असं वाटलं होतं.

मग पेट्रोल पुन्हा चढलं. सकाळी गाडीत बॉयलरवाल्याने गळा काढला, "वर्गणी वाढवावीच लागेल. गाडी जुनी, ओझं वाढलं की पेट्रोल नुसतं ढोसते."

"मग वजनाप्रमाणे घ्या की," धाकटी खिडकीबाहेर बघत म्हणाली. "जो जास्त जाळेल, तो जास्त देईल. आमच्या घरी असंच चालतं."

शिंपी फिसकन हसला. थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली. पण वाक्य तिचंच होतं.

मळक्या चादरींची गाठोडी ज्या काट्यावर तोलायचे, त्यावर त्याच दिवशी चौघांची वजनं झाली. थोरली चढली तेव्हा अख्खी पाळी काम सोडून बघत होती. बॉयलरवाल्याने आकडा वाचताना आवाज चढवला. तो आकडा इथे सांगायची गरज नाही, त्या दिवशी ऐकणाऱ्यांना तो पुरेसा झाला. हिशेब असा निघाला की थोरलीने दोन माणसांची वर्गणी भरायची आणि धाकटीने अर्धी.

"बरं," थोरली म्हणाली. एवढंच. जी बाई मिठावरून तासभर भांडायची ती 'बरं' म्हणाली, तेव्हाच धाकटीने सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी थोरली गाडी थांबायची त्या कोपऱ्यावर आधी पोचली. बॉयलरवाल्याच्या हातात दोन माणसांचे पैसे ठेवले, मागे ऐसपैस बसली आणि उरलेल्या जागेवर आपली पिशवी ठेवली. मुलाला सासूकडे देऊन धाकटी धावत आली.

"सरका, जाऊबाई."

"जागा नाही."

"नाही कशी? ती पिशवी उचला!"

"दोन माणसांचे पैसे दिलेत मी. दोन माणसांची जागा माझी. विचार त्यांना."

बॉयलरवाल्याने डोकं खाजवलं, खिसा चाचपला. "पैसे आलेत खरे दोघांचे, वहिनी."

"मग माझे घ्या!"

"तुझे अर्धेच," थोरली म्हणाली. "अर्ध्या पैशात टपावर बस. चला हो, उशीर होतोय."

गाडी निघाली. धाकटी रस्त्यावर उभी राहिली, आणि थोरलीला इतकं बरं वाटलं की ती चक्क गुणगुणली.

ते गुणगुणणं कारखान्याच्या दारापर्यंत टिकलं. आत चादरी इस्त्री करणारा तापलेला रोलर होता. त्यात चादर घालायला दोन बायका लागतात, एकीने एक कोपरा धरायचा, दुसरीने दुसरा. मजुरी दर चादरीमागे ठरलेली, आणि ती जोडीला मिळायची. थोरलीची जोडीदारीण कोण, ते रागाच्या भरात तिच्या डोक्यातूनच गेलं होतं.

"धाकटी कुठाय?" मुकादमीणबाईंनी विचारलं.

"आली नाही."

"मग तू तरी कशाला आलीस? बाकी सगळ्यांच्या जोड्या लागल्यात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आली तर ठीक, नाहीतर उद्यापासून दुसरी जोडी उभी करते. दारात रांग आहे."

थोरली गाठोड्यांच्या ढिगावर जाऊन बसली. दोन माणसांचे पैसे भरून ती बिनमजुरीची बसायला आली होती. दोघींचं काम गेलं तर सासूच्या हातावर काय ठेवणार? टेम्पोचं चाक? तिला धाकटीचा राग आला, बॉयलरवाल्याचा आला, पेट्रोलचे भाव ठरवणाऱ्यांचा तर आलाच. स्वतःचाही आला असता, पण त्याआधी सुट्टी झाली.

सुट्टी संपता संपता धाकटी आली. चालत. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तिने हात धुतले आणि रोलरपाशी जाऊन चादरीचा एक कोपरा उचलला. थोरलीने दुसरा धरला. पाळी संपेपर्यंत दोघी समोरासमोर उभ्या होत्या आणि एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही. मुकादमीणबाईंनी अर्ध्याच दिवसाच्या चादरी मांडल्या.

संध्याकाळी थोरली गाडीत बसली. धाकटी फाटकाशी उभी होती, तुटकी चप्पल हातात घेऊन. थोरलीने त्या पायांकडे बघितलं. तिने पिशवी मांडीवर घेतली.

"ये. बस."

धाकटी जवळ आली, पण चढली नाही. "ही जागा तुमची ना?"

"हो, माझीच. म्हणून तर बस म्हणतेय."

"भाडं किती घ्याल?"

"काहीतरीच काय बोलतेस!" असं थोरलीला म्हणायचं होतं. पण आकडा तिच्या मनात तयार होता. गाठोड्यांवर बसल्या बसल्या तिने तो पक्का केला होता, थोडी सूट देऊन. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करू लागली.

धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग दुसऱ्या पायातलीही चप्पल काढली आणि रस्त्याला लागली.