एक दिवसाआड

गाय आटवण्यात आप्पांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गाभण गाय सातव्या महिन्यात आली की तिचं दूध बंद करावं लागतं, आणि ते एकदम बंद केलं तर कास सुजते, एखादा सड कायमचा जातो. आप्पा आधी संध्याकाळची धार सोडायचे, मग एक दिवसाआड काढायचे, मग दोन दिवसांआड. तीन आठवड्यांत गाय आपणहून आटायची. चाळीस वर्षांत आपण एकही कास बिघडू दिली नाही, हे ते न विचारता सांगायचे. कुणाची गाय आटेना की बोलावणं यायचं, आणि आप्पा आपला चहा सावकाश संपवून मगच उठायचे. एवढा त्यांचा भाव.

त्या सकाळीही ते बांड्या गाईच्या कासेला हात लावून बसले होते, आणि गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला दुधाचा भरलेला कॅन आपटला.

धाकटीने, आप्पांच्या लेकीने, फेकला होता. सगळं दूध शेणात मिसळून नालीला लागलं. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि आपण हे का केलं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. वहिनीने फक्त एवढंच विचारलं होतं की काल झाकण नीट बसवलं होतंस का. वहिनी आपलं पोर उचलून घरात गेली आणि आतून कडी घातली. थोरला हातातली पेंढी टाकून बापाकडे आला.

"परत सुरू झालं, आप्पा," तो हळूच म्हणाला. "आता तरी डोळे उघडा."

आदल्या संध्याकाळी धाकटीला गोळी नव्हती, हे आप्पांना ठाऊक होतं. ती का नव्हती, हे तर त्यांच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

धाकटीची गोळी नऊ वर्षांची. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आधी झोप गेली, मग तिला कुणी बोलत नसताना बोलणं ऐकू यायला लागलं, आणि एक दिवस ती अनवाणी कालव्याच्या काठाने चार कोस चालत गेली. महिनाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यानंतर रोज एक गोळी. गोळीने आवाज गेले, खरी गोष्ट आहे. पण हसणंही गेलं. अंग सुटलं, हात कापायला लागला, आणि धार काढता काढता ती गाईच्या पोटाला डोकं टेकून झोपून जायची. गावाला ती अशीच बरी वाटायची. झोपलेल्या माणसाचा कुणाला त्रास नसतो.

मग दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी सगळे कागद वाचले, धाकटीशी तासभर बोलल्या आणि म्हणाल्या, आता कमी करून बघू, पण अगदी सावकाश. आधी रोज पाऊण गोळी, दोन महिने. जमलं तर रोज अर्धी. मध्ये काही वाटलं तर लगेच यायचं.

पाऊण गोळीवर धाकटी जागी झाली, त्याला दुसरा शब्द नाही. गाई उठायच्या आधी ती उठायला लागली. वहिनीची नक्कल करून दाखवायला लागली, आणि मुख्य म्हणजे भांडायला लागली. दूध केंद्रावर फॅट कमी कसा लागला म्हणून तिने केंद्रवाल्याला यंत्र परत लावायला लावलं, आणि तिचंच खरं निघालं. केंद्रवाला हुशार माणूस, त्याने तिलाच विचारलं, पुढच्या महिन्यापासून सकाळचा फॅट तपासायला येशील का. नऊ वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती कामावर लागायच्या आधीच रोज तासभर तिथे जाऊन यंत्र शिकायला लागली.

म्हणूनच दुसऱ्या खेपेला आप्पा दवाखान्यात एकटे गेले. बाईंनी सांगितलं, आता रोज अर्धी. आप्पांनी मान डोलावली. पाऊण गोळीला नुसता कोपरा उडवला की भागायचं, पण घरी आल्यावर ब्लेडने मधोमध कापली तर तिचा चुरा झाला. दुसरीचाही झाला. आप्पा चुऱ्याकडे बघत बसले आणि त्यांच्या डोक्यात उजेड पडला. रोज अर्धी काय आणि दिवसाआड एक काय, बेरीज तीच. शिवाय अंगाची सवय मोडायची तर खंड पाडायला हवा, हे त्या शहरातल्या पोरीला काय कळणार? चाळीस वर्षं कुणाची होती?

"डॉक्टरीणबाईंनी दिवसाआड सांगितलीय," त्यांनी धाकटीला सांगितलं. लेकीने बापाचा शब्द कधी पडताळून पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवसापासून तिचं बिनसलं. गोळी नसलेल्या दिवशी डोक्यात झटके बसायचे, झोप यायची नाही, पाण्याचा पेला पडला तरी रडू फुटायचं. गोळीच्या दिवशी ती ओंडक्यासारखी पडून राहायची. आप्पांनी स्वतःची समजूत घातली की गायही पहिले चार दिवस हंबरतेच. दुसरा आठवडा गेला, तिसरा लागला, आणि तोवर कबूल करायची वेळ टळून गेली होती. निदान आप्पांना तसं वाटलं. मोठेपणा एकदा अंगात मुरला की माणूस स्वतःच्या लेकीपेक्षाही तोच सांभाळतो.

कॅन फेकला त्या दिवशी दुपारी धाकटी अंघोळ करून, केस नीट विंचरून दूध केंद्रावर गेली आणि सांगून आली की मला काम जमणार नाही. कुणी काढून टाकण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, असं तिला वाटलं. तिथे चारचौघं उभे होते. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "माझं डोकं परत फिरायला लागलंय. माझ्या हाती यंत्र देऊ नका."

दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. थोरल्याने सगळं सांगितलं, कॅन, रडणं, झोप, आणि जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि आप्पांना विचारलं, "अर्धी गोळी रोज देत होतात ना? चुकली नाही ना मध्ये?"

"हो. रोज," आप्पा म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

धाकटीने चमकून बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. गोळी रोज घेतली की दिवसाआड, हेसुद्धा आपल्याला नीट आठवत नाही, असंच तिला वाटलं असावं. बाई म्हणाल्या, काही माणसांना गोळी कायम लागते, त्यात कमीपणा नाही. पुन्हा पूर्ण गोळीवर जाऊ. त्यांनी पेन उचललं.

"पूर्ण लिहा," धाकटी म्हणाली. "आणि परत कमी करू नका. मी मागितली तरी करू नका."

ती रडत नव्हती. जनावराच्या बाजारात शेवटची किंमत सांगून माणूस मोकळा होतो, तशी ती बोलत होती. आपण हिची उरलेली वर्षं बुडवतोय, हे आप्पांना लख्ख दिसलं.

"थांबा, बाई. रोज नाही दिली," ते म्हणाले. "दिवसाआड एक दिली. गाय आटवतात तशी. तिला मीच सांगितलं की तुम्ही सांगितलंय म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या चिडल्या असत्या तर आप्पांना सोपं गेलं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की गोळी दिवसाआड घेतली की तिचं अंगातलं प्रमाण एक दिवस चढतं, एक दिवस उतरतं, आणि नऊ वर्षांची सवय असलेल्या डोक्याला ते हेलकावे सोसत नाहीत. गोळीचा चुरा झाला तर फोन करायचा, कमी ताकदीची गोळी मिळते.

"म्हणजे ते आजारपण नव्हतं?" धाकटीने विचारलं.

"आज शंभर टक्के सांगत नाही. पण बहुतेक नव्हतं. रोज पाऊण गोळीवर परत जाऊ. महिनाभरात कळेल."

महिना लागलाच नाही. दोन आठवड्यांत तिला झोप लागली, झटके थांबले, रडणं थांबलं. ती पहाटे उठून धारा काढायला लागली. फक्त बापाशी ती कामापुरतंच बोलायची, वैरण टाका, बादली द्या, एवढंच.

आप्पा दूध केंद्रावर गेले. टोपी हातात घेऊन त्यांनी केंद्रवाल्याला सगळं सांगितलं, चूक माझी, पोरीचं डोकं शाबूत आहे, तिला कामावर घे. केंद्रवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. जागा भरली होती, पण तो नुसतं तेवढं सांगून थांबला नाही.

"आप्पा, मला पटतंय हो," तो म्हणाला. "पण तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, चार माणसांसमोर. उद्या कुणाचा फॅट कमी लागला की तो हेच काढणार. तेव्हा मी काय बोलू?"

मग आप्पांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, गिरणीत सांगितलं, रस्त्यात थांबवून सांगितलं. आयुष्यभर मोठेपणा सांगितला तो लोकांनी निमूट ऐकून घेतला होता. आता चूक सांगायला लागले तर कुणाला खरी वाटेना. आप्पा आणि आटवण्यात चुकले? ते गेले की लोक एकमेकांना म्हणायचे, बापच तो, लेकीचं झाकतोय बिचारा. जितकं सांगावं तितकी धाकटी वेडी ठरत होती. शेवटी थोरल्याने त्यांना हात धरून घरी आणलं आणि सांगितलं, आता पुरे.

त्या संध्याकाळी धारा झाल्यावर आप्पांनी नेहमीसारखा फडताळात हात घातला. गोळ्यांचा डबा तिथे नव्हता. धाकटी ओसरीवर बसली होती, डबा मांडीवर, समोर कागद. तिने गोळी कागदावर ठेवली, ब्लेडने अलगद पाव भाग उडवला आणि उरलेला पाण्याबरोबर गिळला.

नऊ वर्षं गोळी गिळली की ती बापापुढे तोंड उघडायची, जीभ वर करायची, आणि आप्पा वाकून बघायचे की आत काही राहिलं तर नाही. सवयीने ते आताही पुढे झाले, वाकले.

"मागे व्हा," धाकटी म्हणाली.

आप्पा मागे झाले. ती तोंड मिटून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि ते गोठ्याकडे जाईपर्यंत तिने ते उघडलं नाही.