हळदीचा डबा

दीनानाथांनी आयुष्यभर एसटीचे रेडिएटर दुरुस्त केले. बस तापली की ड्रायव्हर शिव्या घालत खाली उतरायचा, आणि वाफाळत्या बोनेटखाली डोकं घालायचे दीनानाथ. रिटायर झाले तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुसऱ्याच दिवसापासून ते घरात लोकांच्या पायात यायला लागले. बाबा, खुर्ची जरा सरकवा. बाबा, टीव्हीचा आवाज कमी करा. बायको आधीच गेलेली. सून रुचिरा सकाळी बेलापूरला ऑफिसात जायची, म्हणून दुपारच्या डाळभाताचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. निदान तेवढ्यापुरतं तरी घराला आपलं काम पडतं, अशी समजूत.

मुलगा इंद्रजीत नोकरी सोडून घरीच कॉम्प्युटर बांधायला लागला होता. हौशी लोकांचे, महागडे. इतके तापणारे की पंख्याने भागत नाही, आतून पाणी फिरवावं लागतं. एकदा जेवताना त्याने हे समजावून सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे आत रेडिएटर आहे?"

"हो बाबा, रेडिएटरच म्हणतात त्याला."

झालं. त्या दिवसापासून दीनानाथ परत कामावर रुजू झाले.

खारघरच्या देवेश नावाच्या माणसाची ऑर्डर होती. बाहेरून सागवानी पेटी, आत ॲल्युमिनियमचा सांगाडा, आणि पाण्यासाठी तांब्याची नळी. पाणी केशरी रंगाचं हवं, काचेच्या टाकीतून दिसायला. कॉम्प्युटर आहे की देव्हारा, असं दीनानाथ म्हणाले खरं, पण हसत म्हणाले. मागच्या बंद गॅलरीत बापलेक बसायचे. इंद्रजीत फळ्यांना पॉलिश पेपर मारायचा आणि दीनानाथ तांब्याच्या नळीत कोरडी वाळू ठासून भरायचे. वाळू भरली की नळी वाकवताना चेपत नाही, बाक गोल निघतो. पहिला बाक निघाला तेव्हा इंद्रजीतने तो कितीतरी वेळ बोटांनी चाचपला. वाटीत खोबरेल घेऊन बाप नळ्या चमकवतोय, पोरगा सागाचा भुसा फुंकतोय, मधे चहाचे दोन कप. बायको गेल्यानंतर त्या घरात इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

इंद्रजीत कामाचे फोटो काढून फोनवर टाकायचा. लोक वाहवा करायचे. फोटोत दीनानाथांचे हात असायचे, चेहरा कधीच नसायचा. "हात मस्त येतात बाबा," तो म्हणायचा. दीनानाथांना त्यात काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

पेटी पोचवायच्या दिवशी इंद्रजीत टेम्पो बघायला खाली गेला होता. दीनानाथांनी मशीन शेवटचं तपासायचं म्हणून चालू ठेवलं होतं, आणि त्यांना खालच्या सागाच्या फळीवर एक ओला ठिपका दिसला. पुसला. परत आला. त्यांनी जोडलेला एकही सांधा गळत नव्हता, सगळ्यांवर बोट फिरवून बघितलं त्यांनी. गळत होता इंद्रजीतने पिळून बसवलेला. आतली रबरी रिंग चिमटली होती.

नीट करायचं तर सगळं पाणी काढा, सांधा उघडा, रिंग बदला. टेम्पो दारात. देवेश वाट बघतोय. आणि पोरगा पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसाकडे आपलं नाव घेऊन चाललाय. दीनानाथांनी तेच केलं जे घाटात अडकलेल्या कितीतरी गाड्यांसाठी केलं होतं. स्वयंपाकघरात गेले, हळदीचा डबा काढला, आणि टाकीत दोन चिमट्या हळद सोडली. रेडिएटर झिरपायला लागला की ड्रायव्हर लोक हेच करतात. हळद फिरत फिरत जाते आणि जिथून पाणी निसटतंय तिथे जाऊन बसते. गाडी पुढच्या डेपोपर्यंत पोचते, मग तिथे नीट दुरुस्ती. केशरी पाण्यात ती दिसलीही नाही. थोड्या वेळाने फळी कोरडी झाली. कोरडीच राहिली.

इंद्रजीत वर आला तेव्हा कानाला फोन होता. "अरे, तो तुझा खालचा सांधा," दीनानाथांनी सुरुवात केली. त्याने हात वर केला. नंतर, बाबा. टेम्पोत तो ड्रायव्हरशेजारी पुढे बसला, आणि दीनानाथ मागे पेटीला धरून.

खारघरच्या टॉवरमध्ये वॉचमनने सांगितलं, सामान सर्व्हिस लिफ्टने न्यायचं, आणि सामानाबरोबर लेबरपैकी एकजण. इंद्रजीतने वडिलांकडे बघितलं. म्हणाला, तुम्ही या पेटीबरोबर, मी वर जाऊन दार उघडून ठेवतो. म्हणून दीनानाथ कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभे राहून वर गेले, आणि देवेशच्या दारात उतरले तेव्हा तो माणूस त्यांना जे समजायचं तेच समजला. कुणी ओळख करून दिली नाही. देवेश वाईट माणूस नव्हता. त्याने त्यांना पाणी विचारलं, पाय पुसून आत या म्हणाला.

पेटी टेबलावर चढली. सागावर उजेड पडला, तांबं झळकलं, केशरी पाणी फिरायला लागलं. देवेश खूश. मग त्याने कुठलासा जड गेम लावला, आणि पडद्यावरचा तापमानाचा आकडा चढत गेला. चढतच गेला. मशीन स्वतःहून बंद पडलं. परत लावलं, परत बंद.

इंद्रजीतने पाणी काढलं आणि मशीनच्या डोक्यावर बसवलेला तांब्याचा चौकोन उघडला. तिथे पाण्याला जायला केसासारख्या बारीक चिरा असतात. बसच्या रेडिएटरमध्ये बोटभर रुंद नळ्या असतात. दीनानाथांनी हा चौकोन आतून कधी बघितलाच नव्हता, तो तयार येतो. चिरा पिवळ्या चिखलाने गच्च भरल्या होत्या.

देवेशने बोटावर घेऊन वास घेतला. "ही हळद आहे?" त्याला आधी हसूच आलं. मग हसू गेलं. "हळद कोणी घातली यात?"

इंद्रजीतला कळलं. दीनानाथांकडे त्याने अर्धा क्षण बघितलं, आणि मग नजर पिवळ्या चिखलावर ठेवून बोलला.

"आमच्याकडे एक म्हातारा कारागीर आहे. जुन्या सवयी आहेत त्याच्या. काढून टाकतो मी त्याला."

देवेश वळला. "काका, तुम्हीच का ते?"

बोलायला जागा होती. हा माझा मुलगा आहे, एवढे चार शब्द बोलले असते तर त्या थंडगार खोलीत इंद्रजीतचं तोंड कसं झालं असतं, हे दीनानाथांना दिसत होतं. आणि तेच त्यांना बघवणार नव्हतं.

"हो साहेब," ते म्हणाले. "माझीच चूक. आमच्या साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं."

आमच्या साहेबांना. पोटच्या पोराला.

इंद्रजीतने टूथब्रश मागितला, चिरा धुतल्या, सांधे उघडून रिंगा बदलल्या, नवं पाणी भरलं. मशीन सुरळीत चाललं. देवेशने पाठ थोपटली आणि निघताना दीनानाथांना म्हणाला, काका, वाईट वाटून घेऊ नका, होतं असं या वयात.

परतताना रिक्षा केली. कामोठं आल्यावर इंद्रजीत म्हणाला की ते तुम्हाला उद्देशून नव्हतं, क्लायंटसमोर काहीतरी बोलावंच लागतं, धंदा असाच असतो.

"बरोबर बोललास," दीनानाथ म्हणाले.

"पण मला सांगायचं तरी ना, बाबा."

त्याने वर केलेल्या हाताचा विषय दीनानाथांनी काढला नाही. चिमटलेली रिंग कुणाची, तेही नाही. बाप लोक हे असलं गिळतात आणि पोरं त्याला समजूतदारपणा म्हणतात. त्यात पोरांची सोय असते, दुसरं काही नाही.

काही दिवसांनी नवी ऑर्डर आली. या वेळी शिसवी लाकूड आणि पितळ. इंद्रजीत नळी घेऊन गॅलरीतून बाहेर आला. "बाबा, एवढा एक बाक काढून द्या ना."

दीनानाथ पेपर वाचत होते. "त्या म्हाताऱ्याला तू काढून टाकलंस ना?"

इंद्रजीत हसला. त्याला वाटलं, टोमणा आहे. दोन मिनिटांत उठतील. तो नळी धरून उभा राहिला. दीनानाथांनी पेपरचं पान उलटलं. मग तो आत गेला आणि गॅलरीतून नळी चेपल्याचा आवाज आला. वाळू न भरता वाकवली होती. दीनानाथांचे हात पेपरवर तसेच राहिले.

थोड्या वेळाने ते डाळ शिजवायला उठले. मोहरी हाताला लागली, हिंग लागला. हळदीचा डबा जागेवर नव्हता. तो त्यांना दिसला सगळ्यात वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या कपबश्यांच्या मागे. लहान मुलांपासून औषधं लपवून ठेवतात तिथे. रुचिराने ठेवला असेल, किंवा इंद्रजीतने. विचारायला कुणाला जायचं?

स्टूल कोपऱ्यातच होतं. त्यांनी ते ओढलं नाही.

इंद्रजीत जेवायला बसला. भातावर पांढरट, बिनहळदीची डाळ पडली. त्याने डाळीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, मग त्याची नजर वरच्या फळीकडे गेली आणि लगेच खाली आली. तो भात कालवायला लागला.

"अजून वाढू?" दीनानाथांनी विचारलं.